त्याच्या वाट्याची उंची

माझा भाऊ आणि मी जुळे. तो पाऊण तास आधीचा, म्हणून मी त्याला दादा म्हणावं असं आत्याला वाटायचं. मी कधी म्हटलं नाही, आणि त्यानंही कधी हट्ट धरला नाही. पहिलीपर्यंत आमचं कपड्यांचं मापसुद्धा एकच होतं. दौंडला आमच्या रेल्वे क्वार्टरांच्या बाहेर एक म्हातारे शिंपी मशीन टाकून बसायचे, त्यांच्या लांबट वहीत ते लिहिलेलं असायचं. शाळा सुरू व्हायच्या आधी आई आम्हांला त्यांच्यापुढं उभं करायची. ते एकाचंच माप घ्यायचे आणि दोघांच्या नावापुढं तेच आकडे टाकायचे.

दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. आम्ही साताला टेकलो होतो, दुसरीत जाणार होतो. त्या वर्षी शिंपीमामांनी माझं माप लिहिलं आणि वही मिटता मिटता मान वर करून आमच्याकडं पाहिलं. मग टेप पुन्हा उचलली.

"बाई, ह्याचं माप मागल्या सालचंच हाय," ते म्हणाले.

"नीट बघा की मामा," आई म्हणाली.

"नीटच बघतोय. पोरगी दोन बोटं वाढलीय. ह्यो हाय तिथंच हाय." मग त्यांनी हाफपँटसाठी त्याच्या मांडीला टेप गुंडाळली. एका मांडीला, मग दुसरीला, मग पुन्हा पहिलीला. एरवी ते एकाच मांडीचं माप घेत. "डावी मांडी बारीक लागतीय," ते हळूच म्हणाले.

आई म्हणाली, "दोन्ही पाय सारखेच शिवा."

तिच्या आवाजात काहीतरी होतं, ज्यामुळं मी भावाच्या पायांकडं पाहिलं. तोही पाहत होता.

त्याच पावसाळ्यात तो लंगडायला लागला. आधी थोडंसंच, दिवस कलल्यावर. विचारलं की म्हणायचा, "गुडघा दुखतोय." आई तेल चोळायची, आत्या वीट तापवून शेक द्यायची. आप्पा, म्हणजे आमचे वडील, लोकोशेडमध्ये, इंजिनांच्या कामावर, खलाशी होते. कोळशानं काळे होऊन घरी यायचे आणि न्हाणीत बसल्या बसल्या म्हणायचे, "शाळा चुकवायची सोंगं हायत सगळी. खेळायला बरा पळतो."

मग एक दिवस ते शेडच्या कुंपणाशी उभे होते आणि शाळा सुटून तो एकटाच रुळांच्या कडेनं येत होता. माझं पोट दुखत होतं म्हणून मी घरी होते. आपल्याला कुणी बघतंय हे त्याला ठाऊक नव्हतं. चार पावलं टाकायची, थांबायचं, डाव्या पायावरचा भार काढून उभं राहायचं, पुन्हा चार पावलं. आप्पा त्या दिवशी घरी आले आणि न्हाणीत गेलेच नाहीत. तसेच काळ्या हातांनी उंबऱ्यात बसले. "एकटा असतानाबी लंगडतंय पोरगं," एवढंच म्हणाले. त्यानंतर घरात सोंग हा शब्द कुणी काढला नाही. आप्पा तो शब्द काढत होते तोवर बरं होतं, असं मला आता वाटतं. सोंग म्हटलं की आजार नाही, असा तरी त्याचा अर्थ होता.

वरवंडच्या पलीकडं एका वस्तीवर हाडवैद्य होता. त्याच्याकडं नेलं. मीही गेले होते, कारण मी बरोबर असले की भाऊ रडत नसे. त्या माणसानं गुडघा चाचपला, मग पाय धरून बाहेरच्या बाजूला फाकवला. भाऊ असा ओरडला की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. वैद्य म्हणाला, "शीर चढलीय," आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंत बांबूच्या पट्ट्या करकचून बांधल्या. आठवड्यानं पट्ट्या सोडल्या तेव्हा पाय आणखी बारीक झाला होता. गुडघा ठणठणीत होता. दुखत होता खुबा, आणि खुब्याला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. खुब्यातलं दुखणं गुडघ्यात बोलतं, हे आम्हांला फार नंतर कळलं.

मग गावातल्या एका डॉक्टरकडं. तिथं खुब्याचा फोटो काढला. एक्स-रेला आम्ही सगळे फोटोच म्हणायचो. डॉक्टरांनी तो उजेडापुढं धरला. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा, जो कमरेच्या वाटीत बसतो, तो उजवीकडं गुळगुळीत होता आणि डावीकडं चुरल्यासारखा, कुरतडल्यासारखा. "टीबीसारखं वाटतंय," डॉक्टर म्हणाले. "हाडाचा टीबी. सुया चालू करू."

टीबी हा शब्द क्वार्टरांत आमच्याआधी पोचला. कसा, कुणास ठाऊक. भावाची ताटली वेगळी झाली, पेला वेगळा झाला. शेजारच्या बाईनं दोरीवर वाळत घातलेले कपडे आमच्या दारापासून लांब हलवले. रोज सकाळी कंपाउंडर यायचा, भाऊ न सांगता पालथा व्हायचा आणि सुई टोचून घ्यायचा. तो रडत नसे हेच मला भयंकर वाटायचं. तीन महिने गेले. लंगडणं वाढलं. उंची वाढली नाही.

आणि मी वाढत होते.

हे कुणाच्याही डोळ्यांतून सुटण्यासारखं नव्हतं. बाजारात लोक मला विचारायचे, "धाकटा भाऊ का गं?" माझा फ्रॉक गुडघ्याच्या वर सरकला, चपला लहान झाल्या. त्याचा गेल्या वर्षीचा सदरा त्याला अजून नीट बसत होता. आम्ही शेजारी उभे राहिलो की घरात बोलणं थांबायचं. मग मी त्याच्याशेजारी उभी राहायचीच सोडून दिली.

आत्या आप्पांची थोरली बहीण. नवरा वारल्यापासून आमच्याकडंच असायची. वाईट बाई नव्हती. भावाचं अंग पुसणं, त्याला उचलून परसात नेणं, सगळं तीच करायची. एका सकाळी ती आम्हांला दूध देत होती. माझा पेला भरला, त्याचा भरला, मग माझ्या पेल्यातलं निम्मं दूध तिनं त्याच्या पेल्यात ओतलं. कुणाकडंही न बघता म्हणाली, "एका पोटातली दोन. एक वाढतंय, एक आटतंय. कुठनं तरी येतंयच की हिच्या अंगावर."

आप्पा डबा भरत होते. त्यांच्या हातातलं झाकण खाली पडलं.

"ताई, हे असलं ह्या घरात बोलायचं न्हाई," ते म्हणाले. "आपुन धम्म घेतला तवा हे सगळं नदीत सोडलंय."

"मी कुठं देवाचं नाव घेतलं? डोळ्याला दिसतं ते म्हणती."

"न्हाई म्हंजी न्हाई."

आप्पा कामावर गेले. मी आईकडं बघत होते. आई चुलीशी बसली होती. तिनं ते ओतलेलं दूध पाहिलं होतं. मला वाटलं, आता ती उठेल आणि माझा पेला पुन्हा भरेल. ती उठली नाही. तिनं पीठ मळायला घेतलं.

पंधरा दिवसांनी आईनं माझी वेणी नेहमीपेक्षा घट्ट घातली, पिशवीत माझे कपडे आणि पाटी भरली. "मामाकडं जायचंय," म्हणाली. आप्पांना तिनं सांगितलं होतं की टीबी लागायची भीती आहे, पोरीला काही दिवस केंदूरला ठेवू. ते कारण खरंच होतं. डॉक्टरही तेच म्हणाले होते. पण घरात दुसरं एक कारणही होतं आणि ते आप्पा सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. निघताना भाऊ खाटेवर उताणा पडला होता. मी त्याला म्हटलं, "येते." तो भिंतीकडं बघत राहिला.

शिरूरला एसटी बदलायची होती. स्टँडवर आईनं मला दोन केळी घेऊन दिली. मी खात होते आणि ती माझ्याकडं पाहत होती. दूध उतू जाईल म्हणून चुलीपुढं उभी राहून पाहायची, अगदी तशी. दुसरं केळं मी निम्मंच खाल्लं.

"किती दिवस राहायचं?" मी विचारलं.

"त्याला जरा बरं वाटंस्तवर."

केंदूरला मामाची थोडी शेती होती, ज्वारी आणि कांदा. मामी प्रेमळ होती. तिला मूलबाळ नव्हतं, त्यामुळं ती मला ताट भरून वाढायची. मी त्या ताटासमोर बसायचे आणि हिशोब करायचे. इथं मी जेवढं खाईन तेवढं तिथं कमी होईल. मला कुणी असं सांगितलं नव्हतं, पण नाही असंही कुणी सांगितलं नव्हतं. मला इथं का आणलंय, याचा दुसरा अर्थ माझ्या डोक्यात बसत नव्हता. आणि मला जर त्याच्या वाट्याचं घेता येत असेल, तर परतही देता आलं पाहिजे.

मी भाकरी ओच्यात लपवून गोठ्यात न्यायचे आणि शेळीला घालायचे. पहिले काही दिवस पोटात आग व्हायची, मग ती कमी झाली. पाणी प्यायचे. विहिरीकडच्या बांधावर एक चपटा दगड होता. शाळेतून येताना मी तो डोक्यावर घेऊन शंभर आकडे मोजेपर्यंत उभी राहायचे. वाढ खाली दाबली जाईल असं वाटायचं. मान आखडायची. रात्री झोपताना गुडघे छातीशी घेऊन झोपायचे, पाय लांब करायचे नाहीत असं ठरवून.

आप्पांचं पोस्टकार्ड यायचं. मामा ते ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचा. मी येऊन महिना झाल्यावर जे कार्ड आलं त्यात लिहिलं होतं, पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात दाखवले, तिथल्या डॉक्टरांनी टीबी नाही म्हणून सांगितले, सुया बंद केल्या.

मामी हात जोडून "सुटलं बाई पोरगं" म्हणाली. मामा हसला. मी मात्र थिजून गेले. म्हणजे हे खरं होतं. मी महिनाभर खाल्लं नव्हतं आणि त्याचा टीबी गेला होता.

मग मी जास्तच नेटानं लागले. पुढं मामाच्या शेजारी कुणाच्या तरी बाळाच्या पाचवीचं जेवण होतं. गोडाचा वास आला आणि मला राहवलं नाही. मी लापशी खाल्ली, दोनदा मागून घेतली. चार दिवसांनी कार्ड आलं. दोन्ही पाय मांडीपासून खाली प्लास्टरमध्ये घातले आहेत, पाय फाकवून मध्ये काठी बसवली आहे, उठता येत नाही, वर्षभर तरी असेच राहील, असं त्यात होतं. मामा वाचताना अडखळला. मी गोठ्यात गेले आणि घशात बोटं घालून ओकायचा प्रयत्न केला. चार दिवसांपूर्वीची लापशी निघणार कुठून? पण मी बराच वेळ ओकत राहिले.

त्यानंतर मी जवळपास काहीच खात नव्हते. मामीला वाटायचं, पोरीला घरची आठवण येते. माझ्या दंडाची हाडं दिसायला लागली. शाळेच्या पायरीवर चढताना डोळ्यांपुढं काळं यायचं. मला भीती वाटत नव्हती. उलट फ्रॉक ढगळ व्हायला लागला याचं समाधान वाटायचं. आता आठवलं की ते समाधानच सगळ्यांत भीतीचं वाटतं. सात-आठ वर्षांची पोर, आपल्या मनगटाभोवती अंगठा आणि करंगळी जुळते का हे रोज बघणारी.

एका सकाळी शाळेत प्रार्थनेच्या रांगेत मी कोसळले. मास्तरांनी मला खांद्यावर टाकून घरी आणलं. मामीनं कांदा हुंगवला, गूळपाणी तोंडाशी धरलं. मी दात घट्ट मिटले.

"का गं? का पीत न्हाईस?" मामा विचारत होता.

मी मान हलवली. तेवढ्यात मामी गोठ्याकडं गेली होती, ती हातात भाकरीचे वाळके तुकडे घेऊन आली. गव्हाणीच्या मागं पडलेले, शेळीनंही न खाल्लेले. "हे बघा," ती मामाला म्हणाली. "किती दिसांचं हाय कुणास ठाऊक."

मामा माझ्यासमोर उकिडवा बसला. रागावला नाही. "मला सांग," म्हणाला. "मी आईला न्हाई सांगणार."

"मी खाल्लं तर तो वाढणार न्हाई," मी म्हटलं.

"कोण म्हणलं?"

मी गूळपाण्याचा पेला लांब सारला.

"कोण म्हणलं तुला असं?"

"कुणी न्हाई. मी त्याचं घेती म्हणून तो आटतोय."

मामाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तो उठला, आत जाऊन सदरा घालून आला. भावाचं प्लास्टर बदलायला त्याला दुसऱ्याच दिवशी पुण्याला आणणार, हे नुकत्याच आलेल्या कार्डात लिहिलेलं होतं. मामा मामीला म्हणाला, "उद्या पहिल्या गाडीनं हिला तिथंच नेतो. आई, आप्पा, सगळे असतील. सगळ्यांसमोर होऊ दे काय व्हायचं ते."

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं आणि माझा अर्थ काढला. कोरेगाव भीमाच्या पुलावरून गाडी जाताना मी खालचं पाणी बघत होते आणि मला खात्री होती की ते मला काहीतरी करणार आहेत. त्याचं माझ्यातून काढून घेणार आहेत. मोठ्या दवाखान्यात तशी सोय असेल. मामानं मला गाडीत बिस्किटं दिली. आता काय फरक पडतो, असं म्हणून मी ती सगळी खाल्ली.

दवाखान्याचा व्हरांडा लांबलचक होता, फिनेलच्या वासाचा. भिंतीकडेला एका फळीवर भाऊ झोपवलेला होता. त्याचे पाय प्लास्टरात, उघडलेल्या कात्रीसारखे, मध्ये बांधलेली काठी. दौंडहून त्याला गार्डच्या डब्यातून आणलं होतं, कारण त्या पायांनी तो डब्याच्या दारातून आत येत नव्हता. त्यानं मला पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलला. आनंद झाल्यासारखा नाही. दचकल्यासारखा.

"ही अशी कशी झाली?" आई मामाला म्हणाली. तिचा हात तोंडावर गेला होता.

मामा सरळ आत डॉक्टरीणबाईंकडं गेला. त्या तरुण होत्या, चष्मा लावायच्या, बोलणं पुण्याचं. मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली होत्या, पण भावाचं सगळं त्याच बघायच्या. मामा काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. त्या बाहेर आल्या, माझ्यापुढं उभ्या राहिल्या, माझं मनगट हातात घेऊन दंडापर्यंत चाचपून पाहिलं. मग कपाळावर आठ्या घालून म्हणाल्या, "हिच्या डाव्या हाताचा फोटो काढा. मागच्या वेळी त्याचा काढला होता, तोही आणा."

मी काचेसारख्या गार पाटावर हात ठेवला. दुखलं नाही. त्यांनी माझ्यातून काही काढून घेतलं नाही, याचं मला आश्चर्य वाटलं.

बाईंनी दोन्ही फोटो खिडकीच्या काचेवर शेजारी शेजारी धरले. आप्पा, आई, मामा सगळे उभे. मला त्यांनी पुढं ओढलं.

"हे मनगट," त्या म्हणाल्या. "जन्मलेल्या बाळाच्या मनगटात ही बारकी हाडं नसतात. नुसती कूर्चा असते, कानाच्या पाळीसारखी मऊ. ती फोटोत दिसत नाही. वय वाढेल तसं एकेक हाड धरतं. हा तुझा हात. मोज."

खडे पसरल्यासारखे होते. मी मोजले. "सात."

"आता भावाचा."

"चार."

"तो आठ वर्षांचा आहे, पण हाडं पाचाच्याही आतली आहेत. मुलींची हाडं तशीही मुलांच्या पुढंच असतात, पण हा त्याहून फार मागं आहे. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो असा एक आजार असतो, त्याला तो झालाय. हा आजार ज्यांना होतो त्यांतल्या पुष्कळ मुलांची हाडं अशी उशिरानं पिकतात. का, ते आम्हांलाही नीट माहीत नाही. पण हे खडे त्याच्या हातातून निघून हिच्या हातात गेलेले नाहीत." इथं त्या आमच्या घरच्यांकडं वळल्या आणि त्यांचा आवाज चढला. "कुणाच्या डोक्यात आलं हे? ही मुलगी आणखी महिनाभर अशीच राहिली असती तर तुम्हांला दोन्ही पोरं उचलून आणावी लागली असती."

आप्पांना काहीच ठाऊक नव्हतं. ते एकदा मामाकडं, एकदा आईकडं बघत होते. आई भिंतीला टेकून खाली बसली. आत्याचं नाव ती घेईल असं मला वाटलं. तिनं घेतलं नाही.

"मलाच वाटत होतं," ती म्हणाली. "ताई बोलल्या एकदाच. मला रोज वाटत होतं."

आप्पांनी टोपी काढली आणि तशीच हातात धरून उभे राहिले. मग त्यांनी विचारलं, "बाई, पोरगा चालंल का?"

"उशिराचा एक फायदा आहे," त्या म्हणाल्या. "कच्चं हाड अजून घडवता येतं. म्हणून तर पाय फाकवून ठेवलेत, गोळा वाटीत नीट बसून राहावा म्हणून. तो पुन्हा भरेल. पण गोल भरेल की चपटा, हे आज कुणीच सांगू शकणार नाही. दोन वर्षं लागतील, तीनही लागतील."

त्या दिवशी मी आईबापांबरोबर दौंडला परत आले. आत्यानं मला दारात पाहिलं आणि काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझा पेला काठोकाठ भरला आणि मी पीत असताना पाठ फिरवून उभी राहिली. ती जिवंत असेपर्यंत त्या गोष्टीवर आमच्यात एक शब्द झाला नाही.

ती दोन-तीन वर्षं घरात सगळे कान टवकारून जगत होते. प्लास्टर वर्षभराहून जास्त होतं, मग पायाला लोखंडी पट्ट्या आल्या. दर काही महिन्यांनी नवा फोटो, आणि दर वेळी आप्पा पाकीट हातात घेऊन ते उघडायला घाबरायचे. गोळा भरला. पूर्ण गोल नाही, एका बाजूनं बसका. डावा पाय जवळजवळ इंचभर आखूड राहिला. चांभाराकडून चपलेला जाड तळ लावून घ्यावा लागायचा. सातवीतही तो पहिल्या बाकावर, चौथीतल्या पोरांएवढा. पुढं वर्गातल्या मुलांच्या वाढी थांबल्या तेव्हा त्याची सुरू झाली. मिसरूड कॉलेजात फुटलं, आणि विसाव्या वर्षी तो माझ्याहून चार बोटं उंच होता. रेल्वेत मात्र त्याला घेतलं नाही. मेडिकलमध्ये कमरेच्या फोटोवरूनच परत पाठवलं.

आम्ही बारा वर्षांचे होतो तेव्हाची एक दुपार मात्र मला वेगळी सांगायला हवी. पट्ट्या निघून वर्ष झालं होतं. तो आणि मी भीमेच्या काठी बसलो होतो. पाणी कमी होतं. लांबून बघणाऱ्याला मी त्याला खेळायला घेऊन आलेय असं वाटलं असतं. मी त्याला केंदूरचं सगळं सांगितलं. शेळी, दगड, लापशी. तोवर त्याला ते कुणी सांगितलं नव्हतं; दवाखान्यात फळीवरून त्यानं बाईंचं बोलणं तेवढं ऐकलं होतं. मला वाटलं तो हसेल.

तो वाळूत रेघा ओढत राहिला. मग म्हणाला, "मी पण करायचो."

"काय?"

"तू गेलीस तवा. सुई टोचायची ना, तवा रोज म्हणायचो मनात. तिचंबी दुखू दे. तिचंबी असंच वाळू दे, मग सारखं होईल." तो माझ्याकडं बघत नव्हता. "मग तू दवाखान्यात आलीस. काडीसारखी. मला वाटलं, झालं."

म्हणजे त्या दिवशी तो दचकला होता ते यामुळं. मी म्हटलं, "बाईंनी सांगितलं होतं की. कुणाचं कुणाला लागत न्हाई."

"ते हाडांचं सांगितलं होतं," तो म्हणाला. "मनातल्याचं न्हाई."

तो उठला, आखूड पायावर जरा डोलला, आणि माझ्या हाताला न धरता चढ चढून रस्त्याला लागला. मी मागून गेले. त्यानंतर आयुष्यात मी त्याला कुणावर रागावलेलं पाहिलं नाही. लोक त्याला फार शांत माणूस म्हणतात.